आधी ते कुलूप काढा

दुपारी दीड वाजता पुण्यात महापालिकेच्या बहुतेक बागांना कुलूप असतं. सकाळी उघडायची, दहा-अकराला बंद करायची, चारच्या सुमारास पुन्हा उघडायची आणि रात्री शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. सकाळी फिरायला येणाऱ्यांची यात सोय आहे, संध्याकाळी नातवंडांना झोपाळ्यावर बसवणाऱ्यांची आहे. ती असायलाच हवी. पण भर दुपारी सावलीची, बाकड्याची, पाण्याच्या नळाची गरज कुणाला असते?

चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला असते. सकाळची कामं साडेबाराला आटोपतात, पुढचं घर तीनला. मधल्या वेळात वस्तीत जाऊन परत यायचं तर रिक्षा परवडत नाही आणि बसचा भरवसा नाही. मग ती कुणाच्या तरी जिन्यात बसून डबा खाते आणि वॉचमन आला की उठते. घरोघरी जेवण पोचवणारा मुलगा दुचाकीवरच मान टाकून डोळे मिटतो. शाळा सुटायची वाट बघणाऱ्या आया फाटकासमोर उन्हात उभ्या असतात. दोन खोल्यांत सहा माणसं असलेल्या घरातली मुलगी पुस्तक घेऊन कुठे बसावं याच्या शोधात असते. झाडं आहेत, सावली आहे, बाकडी आहेत. सगळं कुलपाच्या आत.

कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं. दुपारी नको ते लोक येऊन बसतात.

या ‘नको त्या लोकां’बद्दलच आज लिहायचं आहे. आपल्या शहरांतली बाग, मैदान, पुलाखालची मोकळी जागा, सगळं याच धाकाने आखलं जातं. बाकड्याच्या मधोमध लोखंडी दांडा कशाला? कुणी आडवं होऊ नये म्हणून. कठड्यावर सळ्या कशाला? कुणी टेकू नये म्हणून. २०१८ मध्ये मुंबईत फोर्टमधल्या एका बँकेने आपल्या शाखेबाहेर अणकुचीदार खिळ्यांची रांग बसवली होती. लोक संतापले आणि बँकेला ती काढावी लागली. ते खिळे निदान डोळ्यांना दिसत होते, म्हणून ओरड झाली. बागेच्या वेळापत्रकात ठोकलेले खिळे दिसत नाहीत, एवढाच फरक.

*

जागा सुरक्षित होते ती तिथे माणसं असतात म्हणून. माणसं हाकलून ती सुरक्षित करता येईल हा समज खोटा आहे, आणि तो आपल्याला फार महाग पडला आहे.

२२ ऑगस्ट २०१३ च्या संध्याकाळी मुंबईत महालक्ष्मीच्या शक्ती मिलमध्ये एका तरुण वृत्तछायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. ती कामासाठी गेली होती, बरोबर सहकारी होता. नंतर जी चर्चा झाली तीत ‘तिथे जायचंच कशाला?’ असं विचारणारे कमी नव्हते. विचारायला हवं होतं ते वेगळंच. शहराच्या ऐन मध्यात, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एवढी मोठी जागा वर्षानुवर्षं ओसाड कशी राहू दिली? भिंत तिथे होती, आणि आत जायला मुभा नव्हती. सुरक्षेची आपली जी ठरलेली साधनं आहेत, ती सगळी त्या जागेला लागू होती. ज्यांना गुन्हा करायचा होता त्यांना भिंतीने अडवलं नाही. जे हाक ऐकून धावून आले असते, त्यांना अडवलं.

तरीही आपण उंच भिंतीच मागतो. सोसायटीच्या सभेत ठराव येतो, भिंत आणखी तीन फूट वाढवा, वर तार लावा. त्या दिवसापासून सोसायटीतली माणसं रस्त्याकडे बघणं बंद करतात आणि रस्त्यावरून जाणारी मुलगी दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती असलेल्या बोळातून चालू लागते. अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ सालच्या पुस्तकात हे सांगून ठेवलं आहे. रस्ता राखतात ते त्यावर असलेले डोळे. दुकानदाराचे, खिडकीत उभ्या असलेल्या बाईचे, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचे. आपल्या वाड्या-चाळींत राहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागू नये. चाळीच्या कॉमन गॅलरीतून खालच्या चौकातली प्रत्येक हालचाल दिसायची, आणि कुणाच्या तरी नजरेत आहोत हे चौकातल्यालाही माहीत असायचं. (त्या नजरांचा जाच मुलींना किती झाला हेही विसरायचं कारण नाही. राखणारी नजर वेगळी आणि पाळत ठेवणारी वेगळी.)

*

न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट नावाचा माणूस १९७० च्या दशकात कॅमेरे लावून चौकांचं चित्रण करत होता. लोक कुठे बसतात, का बसतात, कुठून उठून जातात, याची त्याने मोजदाद ठेवली आणि १९८० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा एक निष्कर्ष आपल्या प्रत्येक उद्यान निरीक्षकाच्या टेबलाच्या काचेखाली असायला हवा. त्याच्या मते, ज्यांना आपण ‘नकोसे’ म्हणतो ती माणसं जागा बिघडवत नाहीत, त्यांना हुसकावण्यासाठी केलेले उपाय बिघडवतात. बाकडी काढा, झुडपांची भिंत करा, कुंपण घाला, की जागा नेमकी त्यांच्याच सोयीची होते ज्यांना आडोसा हवा असतो. बाकीच्यांना ती आवडेनाशी होते, एवढंच.

तिथलंच ब्रायंट पार्क हे याचं उदाहरण. रस्त्यापेक्षा उंचावर, कठडे आणि झुडपं यांच्या आड गेलेली ही बाग अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या ताब्यात गेली होती. १९८८ मध्ये ती बंद करून नव्याने आखली आणि १९९२ मध्ये उघडली. झुडपं काढली, आत यायच्या वाटा वाढवल्या, खाण्याच्या टपऱ्या आणल्या, स्वच्छतागृह नीट केलं आणि उचलून हव्या तिथे नेता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या. सुट्या! आपल्याकडे खुर्ची साखळीने बांधायचा विचार आधी येतो. तिथे लोकांवर भरवसा ठेवला आणि बाग पुन्हा माणसांनी भरली. पुढे तिच्यावर खासगी व्यवस्थापनाचं आणि जाहिरातींचं वर्चस्व आलं, यावर तिथलेच लोक टीका करतात, आणि ती रास्त आहे. पण डोळ्यांना दिसणारी, चारी बाजूंनी आत येता येणारी, खायला-बसायला काहीतरी असणारी जागा आपोआप राखली जाते, एवढं तिथे सिद्ध झालं.

न्यूयॉर्कपर्यंत कशाला जायचं? दादरला उतरा.

शिवाजी पार्क १९२५ साली मुंबई महापालिकेने लोकांसाठी खुलं केलं. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. सुमारे अठ्ठावीस एकरांच्या या मैदानाभोवती बसण्याइतक्या उंचीचा कट्टा फिरतो, आणि मला वाटतं, या शहरातली सगळ्यात शहाणी बांधणी तीच आहे. भिंत असूनही ती अडवत नाही, बसवून घेते. कट्ट्यावर बसलेल्याला मैदानही दिसतं आणि रस्ताही. पहाटे चालणारे येतात, मग नेटवर घाम गाळणारी पोरं, दुपारी सावली शोधणारे, संध्याकाळी जोडपी, रात्री जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला घरंच्या घरं. देऊळ आहे, व्यायामशाळा आहे, म्हाताऱ्यांसाठी कोपरा आहे, भोवती माणसं राहतात अशा इमारती आहेत. दिवसातला प्रत्येक तास कुणाच्या तरी वाट्याला आला आहे. एक गट उठतो तेव्हा दुसरा येऊन बसलेला असतो. मुली रात्री दहा वाजताही तिथे बसतात. कट्ट्याला उघडण्या-बंद करण्याची वेळ नाही.

धुळीची तक्रार आहे, सभांच्या आवाजाची आहे, दोन्ही खऱ्या आहेत. पण नव्या उपनगरात मैदान आखताना वास्तुरचनाकाराने आधी एक संध्याकाळ या कट्ट्यावर बसून काढावी आणि मगच कुंपणाच्या ग्रिलची उंची ठरवावी.

*

मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरही भरत नाही. केंद्राची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं १० ते १२ चौरस मीटर असावी असं सांगतात. एवढी ओढाताण असताना आहे त्या जागा कुणाच्या हाती द्यायच्या, हा साधा प्रश्न नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेने मोकळे भूखंड खासगी संस्थांना ‘दत्तक’ देण्याचं धोरण मंजूर केलं, तेव्हा नागरिक रस्त्यावर आले आणि मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. विरोध योग्यच होता. पूर्वी याच वाटेने काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि आसपासची पोरं कुंपणाबाहेर राहिली, हे मुंबईकरांनी पाहिलं होतं.

आणि कुंपणाच्या आत कोण असतं? बहुतेक पुरुष आणि मुलगे.

कुठल्याही मैदानावर रविवारी सकाळी जाऊन बघा. मधला सगळा भाग क्रिकेटचा. एकावर एक सामने, एकमेकांच्या खेळपट्ट्या ओलांडणारे. मुली कडेला. दहा-अकरा वर्षांनंतर त्या कडेलाही दिसत नाहीत. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात हे मोजलं होतं. नऊ वर्षांच्या पुढे मुली बागेत यायच्या थांबतात, मुलगे येत राहतात. जागा कमी असली की मुलगे ती व्यापतात आणि मुली माघार घेतात. तिथल्या नगररचनाकार एवा काइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर भाषणं दिली नाहीत, १९९९ मध्ये दोन बागा पुन्हा आखल्या. एकच मोठं मैदान होतं त्याचे लहान लहान भाग केले, खेळाच्या जाळीबंद पिंजऱ्यात शिरायला जास्त वाटा दिल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, रस्ते रुंद केले. मुली परत आल्या. आपल्या उद्यान विभागाला यातलं काय जमणार नाही? मैदानाचा एक चतुर्थांश भाग संध्याकाळी दोन तास मुलींसाठी ठेवा. खो-खोचे खांब रोवा. या राज्यात खो-खो खेळणाऱ्या मुलींची काही कमी नाही. कमी आहे ती जागेची.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या सार्वजनिक जागांचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्यातलं निरीक्षण प्रत्येक बाईच्या ओळखीचं आहे. पुरुष चौकात नुसता उभा राहू शकतो. बाईला तिथे असण्याचं कारण दाखवावं लागतं. हातात भाजीची पिशवी, कानाला फोन, कडेवर मूल, बसची वाट. काही काम नाही, उगीच बसले आहे, वारा खाते आहे, एवढं म्हणायची मुभा तिला नाही. त्या तिघींचं मागणं सुरक्षिततेच्या पुढे जातं. त्यांना निरुद्देश भटकण्याचा हक्क हवा आहे आणि तो सगळ्यांना हवा आहे. ज्यांना बायकांसाठी धोका ठरवून हाकललं जातं, त्या टपोरी म्हणवल्या जाणाऱ्या पोरांना, फेरीवाल्यांना, मुसलमान वस्तीतल्या तरुणांनाही. कारण ‘बायकांच्या सुरक्षेसाठी’ म्हणून एकदा का माणसं चाळायला सुरुवात झाली की चाळणीच्या भोकातून पुढे बाईही घरीच पाठवली जाते. हे मला पूर्णपणे पटतं. रात्री अकराला रस्त्यावर फक्त पोलिसांची गाडी असेल तर मुलीला भीती वाटेल. त्याच रस्त्यावर आइस्क्रीमची गाडी, दोन कुटुंबं, एक म्हातारा आणि गप्पा मारणारी पोरं असतील तर ती निवांत चालेल.

*

जोडप्यांबद्दल वेगळं लिहितो, कारण त्यांच्यावर सगळे तुटून पडतात. बागेत फलक लागतात, पहारेकरी काठी आपटत येतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ११० चा, म्हणजे सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचा धाक दाखवून पैसे मागितले जातात. लग्न ठरलेली, लग्न झालेली, न झालेली, लहान घरात एकांत न मिळणारी ही मुलं-मुली. उजेडातल्या बाकड्यावरून तुम्ही त्यांना उठवता तेव्हा ती कुठे जातात? खडकांच्या आड, बंद पडलेल्या इमारतीत, शहराबाहेरच्या टेकडीवर. जिथे लुबाडणारे टपून असतात तिथे. त्यांना तिथे तुम्ही ढकलता. एका बाकड्यावर दोघं बसली आहेत, याने कुणाचंही नुकसान होत नाही. बसू द्या.

*

दिव्यांबद्दल थोडक्यात. रस्त्याचे खांब उंच, दिव्याचं तोंड गाड्यांकडे, आणि फुटपाथवर झाडाची दाट सावली. एलईडी बसवले म्हणून अंधार गेला असं समजू नका, तो फुटपाथवर तसाच आहे. चालणाऱ्याच्या डोक्याच्या थोडं वर, झाडाच्या खाली, छोटे दिवे हवेत. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे.

कॅमेऱ्यांबद्दल त्याहून थोडक्यात. २०१६ मध्ये मुंबईत जवळजवळ पाच हजार कॅमेरे लागले, नंतर आणखी लागले. गुन्हा घडून गेल्यावर तपासाला ते उपयोगी पडतात, तेवढ्यासाठी असावेत. पण कॅमेरा हाक मारत नाही, ‘काय रे, काय चाललंय?’ म्हणून विचारत नाही. ते काम भाजीवाली करते.

म्हणून फेरीवाल्यांना उठवून जागा ‘मोकळी’ करणाऱ्या मोहिमा मला धोक्याच्या वाटतात. कोपऱ्यावरची भाजीवाली सकाळी सहाला टोपली मांडते आणि रात्री नऊला उचलते. कुठलं मूल कुणाचं, कोण नवीन आहे, कोण तिसऱ्यांदा याच गल्लीतून चकरा मारतंय, तिला माहीत असतं. तिचा संसार त्या चार फुटांवर चालतो म्हणून ती तिथे असते, आणि ती असते म्हणून क्लासवरून येणारी मुलगी तो कोपरा न घाबरता ओलांडते. फेरीवाल्यांनी सगळा फुटपाथ अडवला तर चालणाऱ्याची अडचण होते, हेही खरं. त्यासाठीच २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात, असं तो सांगतो. समिती बसवा, जागा आखून द्या. दर महिन्याला गाडी पाठवून हातगाड्या उचलायच्या आणि चार दिवसांनी हप्ता घेऊन त्याच पुन्हा लावू द्यायच्या, हा खेळ थांबवा.

पायी चालणाऱ्याला रस्त्यावरूनच उचलून बाजूला ठेवण्याचा प्रयोगही आपण करून पाहिला. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला मुंबईतला पहिला स्कायवॉक उघडला, पुढे तीसहून अधिक झाले. जमीन गाड्यांना, माणसं जिन्याने वर. वर दुकान नाही, खिडकी नाही, आणि मध्येच काही झालं तर खाली उतरायला पुढचा जिना लांब. गर्दीच्या वेळी ठीक, पण रात्री तिथून एकटीने जायला बायका तयार होत नाहीत. त्या पैशात किती फुटपाथ नीट झाले असते!

पुण्यात मात्र उलट झालं, आणि त्याचं कौतुक करायलाच हवं. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं आणि त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचं काम हाती घेतलं. फुटपाथ रुंद केला, झाडं राखली, बसायला जागा दिली, मुलांना खेळायला साधनं ठेवली. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा बसलेले असतात, शेजारी कॉलेजची पोरं, पुढे घसरगुंडीवर लहान मूल आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी आई. रस्त्याच्या कडेला बाग आली, आणि तिला फाटक नाही. दुचाकी वर चढवणाऱ्यांचा त्रास अजून आहे. पण एक रस्ता होऊ शकला तर दहा का होऊ नयेत? २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन होतो. बाकीच्या ३६४ दिवसांबद्दलही आता बोलूया.

*

आणि शौचालय. हा विषय आला की बैठकीत हसतात, म्हणून जोरात सांगतो. बाई किती वेळ घराबाहेर राहू शकते हे दिव्यांनी किंवा पोलिसांनी ठरत नाही, ते तिला लघवीला कुठे जाता येईल यावर ठरतं. पाणी न पिता दिवस काढणाऱ्या, मूत्रमार्गाचा संसर्ग अंगावर वागवणाऱ्या बायका प्रत्येक बाजारात आहेत. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम उभी राहिली ती एका उघड अन्यायातून. पुरुषांच्या मुताऱ्या फुकट आणि बाईकडून पैसे. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाला तर यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की बायकांसाठी स्वच्छ शौचालयं पुरवणं हे महापालिकांचं बंधनकारक काम आहे, जगण्याच्या हक्काशी ते जोडलेलं आहे. त्याला वर्षं उलटली. आज कुठल्याही मोठ्या बागेत जा. बायकांच्या बाजूला कुलूप, किल्ली माळ्याकडे आणि माळी जेवायला गेलेला. ज्या बागेत शौचालय चालू नाही ती बाग बायकांसाठी बंद आहे. अधिकाऱ्यांनी तसाच फलक लावावा, म्हणजे निदान खरं तरी बोलल्यासारखं होईल.

*

ठराव झाला, कायदा झाला, न्यायालयाने सांगितलं, म्हणून जागा खुली होत नाही, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरी तळ्याचं पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, तेव्हा ते तळं सार्वजनिक होऊ लागलं. त्याच्या मागोमाग त्या माणसांना मार खावा लागला आणि तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. नको ते लोक आले म्हणून.

ज्या राज्यात हे घडलं, तिथे बागेच्या फाटकावर उभं राहून कोण आत येण्याच्या लायकीचं आहे हे ठरवणारी जीभ आपल्या तोंडात असता कामा नये. चप्पल फाटकी आहे, कपडे मळके आहेत, भाषा वेगळी आहे, एवढ्यावरून कुणालाही हटकायचा अधिकार रखवालदाराला नाही आणि सोसायटीच्या अध्यक्षालाही नाही. दारू पिऊन त्रास देणारा असेल तर त्याला त्याच्या वागण्याबद्दल धरा. त्याच्यासाठी शंभर जणांना बाहेर ठेवू नका.

*

आता कामाचं. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकांनी पाहिला. बंद दिव्याबद्दल नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडायची सवयच त्या काळात मोडली. ती पुन्हा लावून घेऊया.

पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. पाच लाखांपर्यंतची लहान कामं. दिवे, बाकडी, फुटपाथची दुरुस्ती, शौचालयाचं दार. फार थोडे लोक हे अर्ज भरतात आणि त्यांतल्या बऱ्याच अर्जांत पेव्हर ब्लॉक आणि नावाच्या पाट्या मागितलेल्या असतात. यंदा अर्ज भरण्याआधी एक रात्र काढा. कॅनडातल्या टोरांटोच्या बायकांनी १९८९ मध्ये एक पद्धत सुरू केली, दिल्लीत ‘जागोरी’ या संस्थेने ती वापरली, आणि २०१३ पासून ‘सेफ्टीपिन’ हे ॲप त्याच तत्त्वावर चालतं. बायकांनी मिळून आपल्या भागात रात्री चालायचं आणि जे दिसतं ते टिपायचं. उजेड किती, मोकळं किती दिसतं, माणसं किती, त्यांत बायका किती, चालायला वाट आहे का, आणि आतून कसं वाटतं. शेवटचा मुद्दाही नोंदवायचा, तो पुरावाच आहे.

रात्री साडेनऊला निघा. सोसायटीतल्या बायका, वस्तीतल्या बायका, कॉलेजच्या मुली, व्हीलचेअरवर असलेलं कुणी असेल तर त्यांनाही बरोबर घ्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, कुठे काय होतं ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. बंद दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो लिहून घ्या. फुटपाथ जिथे तुटतो तिथला दुकानाचा नंबर लिहा. शौचालयाला कुलूप असेल तर तारीख-वेळेसह फोटो काढा. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या, पोचेवर शिक्का आहे का बघा, आणि महिन्याने त्याच टेबलाशी पुन्हा जा. एकटीने जाऊ नका, दहाजणी जा.